पहाटे साडेपाचची मिसळ, बेसबॉल आणि कटाची वाटणी

पहिलंच सांगतो, दुकानाला नाव नाही. म्हणजे होतं, पण 2019 च्या पुरात पाटी गेली ती गेलीच, तात्यांनी परत लावली नाही. विचारलं तर म्हणतात, "गिऱ्हाईक काय पाटी खायाला येतंय व्हय?" शुक्रवार पेठेतनं पंचगंगेकडं उतरायला लागलं की डाव्या हाताला निळं शटर, बाहेर दोन बाकडी, आणि भिंतीवर पुराचं पाणी कुठंपर्यंत आलतं त्याची ऑइलपेंटनं मारलेली रेघ, साधारण माझ्या छातीला लागती. ती रेघ दिसली की तुम्ही पोचलात. एरवी दुकान सात ते एक. पण बेसबॉलच्या दिवसात, म्हणजे ऑक्टोबरमधे खास करून, शटर सव्वापाचला अर्धं वर असतंय, वाकून आत जायचं.

होय, बेसबॉल. कोल्हापुरात. मला पण पहिल्यांदा मित्रानं सांगितलं तेव्हा वाटलं चेष्टा करालाय.

आधी खाण्याचं सांगतो कारण निम्मी लोकं तेवढंच वाचणारात. मिसळ 70 रुपये, सोबत ब्रेडचे दोन स्लाइस, पाव मागू नका, तात्या पुण्याचे पाहुणे आलेत का असं विचारतात आणि सगळं दुकान वळून बघतंय. कट एक नंबर. घरच्या कांदा-लसूण चटणीचा आहे, तोंडात घातल्यावर लगेच कळत नाही, तिसऱ्या घासाला कानामागं घाम येतो. मटकी मात्र पहाटेच्या शिफ्टला कधीकधी थोडी कच्ची लागती, सातनंतर आलात तर मऊ मिळती. फरसाण ठीक, त्यात शेव जास्त आणि बाकीचं कमी. चहा घट्ट, दूध गंगावेशच्या कट्ट्यावरनं येतंय असं काकी सांगतात आणि चव बघता खरं असावं. कट वाढवून पाहिजे असला की काकीच बाहेर येतात, "बसा तुम्ही, मी आणतो की," आणि पातेलंच घेऊन येतात. एक्स्ट्रा कट फ्री, एक्स्ट्रा ब्रेडचे दहा रुपये. हा कट फ्री असणं पुढं महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

आता टीव्ही. गल्ल्याच्या वर 43 इंची, आवाज बारीक, कॉमेंट्री इंग्लिश. हे खूळ तात्यांच्या पोराचं. त्यानं पिट्सबर्गला एमएस केलं, दोन वर्षं तिथं नोकरी केली, मग परत आला, आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांना सॉफ्टवेअर करून देतो. पिट्सबर्गचा म्हणून सगळी पेठ त्याला पिट्या म्हणती. तिथं राहून त्याला पिट्सबर्ग पायरेट्स नावाच्या टीमचा रोग लागला. रोगच म्हणायचा, कारण ह्या टीमनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, शेवटची जिंकली 1979 ला, आणि 1993 ते 2012 अशी सलग 20 वर्षं त्यांनी जिंकल्या त्यापेक्षा जास्त मॅचा हरल्यात. वीस वर्षं! पेठेतल्या एखाद्या तालमीच्या फुटबॉल टीमनं असं केलं असतं तर लोकांनी शाहू स्टेडियममधनं घरापर्यंत सोडायला वाजंत्री लावली असती.

अमेरिकेत संध्याकाळी आठची मॅच म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाच. गिऱ्हाईक ठरलेलं आहे. अण्णा आहेत, बँकेतनं रिटायर, आकडे तोंडपाठ. शिरोळकडचे एक आबा आहेत, चार एकर ऊस, लेकीकडं राहायला आले की पहाटे झोप लागत नाही म्हणून येतात. ओंकार म्हणून एक कॉलेजचा पोरगा, आयपीएलचा किडा. दूधवाला येऊन जाऊन. आणि मी, नाईट शिफ्ट सुटली की थेट. नियम समजायला मला एक महिना गेला, अजूनही सगळे समजलेत असं नाही, पण खेळाएवढाच, खरं सांगायचं तर खेळापेक्षा जास्त, पैशाचा वाद इथं रंगतो आणि मी रिव्ह्यू लिहालोय तो त्याच्यासाठी.

सुरुवात झाली ती धनतेरसच्या सकाळी, 2025 ची. लॉस एंजेलिस डॉजर्स आणि मिलवॉकी ब्रूअर्सची सेमीफायनलसारखी सिरीज (सातातल्या चार जिंकायच्या), त्यातली चौथी मॅच. ओहतानी नावाचा जपानी खेळाडू, बॉलिंग पण तोच आणि बॅटिंग पण तोच, त्यानं सहा इनिंग एक रन न देता बॉल टाकले, दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि वर स्वतः तीन होमरन (आपला सिक्सच म्हणा) मारले. म्हणजे एकाच मॅचमधे बुमराह आणि रोहित एकच माणूस. आम्ही टाळ्या वाजवल्या, पिट्या काय वाजवेना. मी म्हटलं तुझी टीम तर नाहीच ना ह्यात, तू का तोंड पाडून बसलायस. तर म्हणाला, दादा, मिलवॉकीनं ह्या सीझनला 97 मॅचा जिंकल्या, सगळ्या तीस टीमात सगळ्यात जास्त, आणि त्यांचा पगाराचा खर्च डॉजर्सच्या निम्म्याएवढा पण नाही. आणि आत्ता बघा, चार मॅचा सरळ हरले, प्रत्येक मॅचला एकच रन.

अण्णांनी लगेच चष्मा पुसला. "आकडा सांग," म्हणाले.

पिट्यानं सांगितला. 2025 चा सीझन सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्क मेट्स आणि डॉजर्स दोघांचाही खेळाडूंचा पगार 32 कोटी डॉलरच्या आसपास, आणि मायामी मार्लिन्सचा 7 कोटीच्या आसपास. एकाच लीगमधे, एकाच नियमानं, एकाच कपासाठी. ओंकार उडालाच. त्याला आयपीएल माहीत, तिथं सगळ्या दहा टीमना लिलावाला सारखीच पर्स, 2025 ला 120 कोटी रुपये, त्यात ऋषभ पंतला 27 कोटी दिले की मग बाकीची टीम उरलेल्यात बसवायची, अंबानी असू दे नाहीतर कुणी. "मग इकडं कॅप, म्हणजे पगाराला वरची मर्यादा, का नाही?" तो विचारालाय आणि पिट्या म्हणतोय, बाबा, ह्याच एका प्रश्नावर 1994 ला खेळाडू संपावर गेले, ऑगस्टपासनं पुढचं सगळं बंद, त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. मालकांना कॅप पाहिजे होती, युनियननं ठामपणे नाही म्हटलं, आणि आजतागायत नाहीच म्हणते. कॅपच्या जागी मग दोन गोष्टी आल्या, एक लक्झरी टॅक्स आणि दुसरी रेव्हेन्यू शेअरिंग, म्हणजे उत्पन्नाची वाटणी.

लक्झरी टॅक्स सोपा आहे. एक रेघ मारायची, 2025 ला ती 24 कोटी 10 लाख डॉलरला होती, तात्यांच्या भिंतीवरच्या पुराच्या रेघेसारखी, तिच्यावर गेलात की दंड. पहिल्यांदा गेलात तर वरच्या रकमेवर 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्यांदा 50, आणि फारच वर गेलात तर आणखी सरचार्ज, असं करत करत डॉजर्सला वरच्या थरातल्या प्रत्येक डॉलरवर 110 टक्के बसतात. म्हणजे शंभराचा खेळाडू दोनशे दहाला. तरी घेतात! 2025 चा डॉजर्सचा नुसता टॅक्स जवळजवळ 17 कोटी डॉलर झाला, आपल्या पैशात दीड हजार कोटी रुपये धरा. मायामीच्या सगळ्या टीमचा वर्षाचा पगार दोनदा भागला असता आणि वर मिसळीला उरले असते. अण्णा म्हणाले, "हा दंड न्हवं, हा पार्किंगचा पास झाला. श्रीमंतानं नो पार्किंगला गाडी लावायची आणि महिन्याचे पैसे भरायचे."

आणि हा टॅक्स जातो कुठं? मला वाटलं गरीब टीमना. थेट तसं नाही, निम्म्याच्या आसपास खेळाडूंच्या रिटायरमेंटच्या खात्यात जातो. गरीब टीमना मुख्य पैसा मिळतो तो दुसऱ्या नळातनं, रेव्हेन्यू शेअरिंगच्या. आणि तो समजवायला पिट्यानं जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, त्यासाठीच मी ह्या दुकानाला एक स्टार जास्त दिलाय.

त्यानं काकींकडनं कटाचं पातेलं आणि पाच वाट्या मागितल्या. म्हणाला, कट म्हणजे पैसा, पण गावाचा पैसा. म्हणजे तिकीट, पार्किंग, आणि सगळ्यात मोठं, आपापल्या गावातल्या टीव्हीचा करार. बेसबॉलमधे प्रत्येक टीम वर्षाला 162 मॅचा खेळती आणि त्यातल्या बहुतेक मॅचा गावातल्या चॅनलवर दिसतात, त्याचे पैसे ज्याचे त्याला. लॉस एंजेलिस केवढं, पिट्सबर्ग केवढं. डॉजर्सनं 2013 ला टीव्हीचा करार केला तो 25 वर्षांचा, 835 कोटी डॉलरचा. मग त्यानं वाट्यात कट घातला. अण्णा डॉजर्स, त्यांच्या वाटीत दहा चमचे. मी सहा, ओंकार चार, दूधवाला तीन, आणि आबा पायरेट्स, त्यांच्या वाटीत दोन. आबा म्हणाले, "सुरुवातीलाच माप मारलंस की रं."

आता नियम असा, प्रत्येकानं आपल्या वाटीतला 48 टक्के एका भांड्यात ओतायचा आणि भांड्यातला सगळ्यांना सारखा वाटायचा. आम्ही निम्मा धरला हिशोबाला. अण्णांनी पाच चमचे ओतले, मी तीन, ओंकारनं दोन, दूधवाल्यानं दीड, आबांनी एक. भांड्यात साडेबारा. प्रत्येकाला परत अडीच अडीच. बघा आता, अण्णा दहावरनं साडेसातवर आले, आबा दोनवरनं साडेतीनवर. मी सहाचा साडेपाच झालो, मला काय फारसा फरक पडला नाही, मधल्यांना पडत नाही म्हणे. तर पिट्या म्हणाला, आबांना दीड चमचा जास्तीचा आला, कशासाठी आला, तर मिसळ चांगली व्हावी म्हणून, बरोबर? अजून पण अण्णांच्या निम्म्याएवढाच आहे, पण आला.

आबांनी वाटीकडं बघितलं. पिशवीतनं स्टीलचा डबा काढला, लेकीसाठी पार्सल न्यायला आणलेला. दीड चमचा कट मोजून डब्यात ओतला, झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि कोरड्या फरसाणावर लिंबू पिळून खायला लागले. म्हणाले, "मला दिला न्हवं? मग मी खाईन न्हाईतर घरी न्हेईन. अण्णा जिंकणारच हायत, मग हितं वतून काय करू?"

सगळं दुकान हसालंय, दूधवाल्याला ठसका लागला. पिट्या एकटा हसेना. म्हणाला, "आबा, आमच्या मालकानं हेच केलंय, तुम्ही निदान सांगून तरी केलासा."

आणि हे गंमत म्हणून नाही. 2010 ला काही टीमचे आतले हिशोबाचे कागद फुटले होते. त्यात दिसलं की पायरेट्सला 2007 आणि 2008 ह्या दोन वर्षात मिळून रेव्हेन्यू शेअरिंगचे 6 कोटी 90 लाखाच्या वर डॉलर आले आणि त्याच दोन वर्षात मालकाला नफा झाला 2 कोटी 90 लाखाच्या आसपास. टीम मात्र हरतच होती, ती वीसातलीच वर्षं ही. पुढं 2018 ला खेळाडूंच्या युनियननं चार टीमविरुद्ध रीतसर तक्रार केली की हे वाटणीचे पैसे टीमवर खर्चच करत नाहीत, ओकलंड, मायामी, टॅम्पा बे आणि आमचे, म्हणजे पिट्याचे, पिट्सबर्ग. नियमात लिहिलंय की वाटणीचा पैसा टीम सुधारायला वापरायचा. पण सुधारायला म्हणजे नक्की किती आणि कशावर, हे बरंचसं मालक सांगेल तसं. टीमनं सगळे मिळून किमान एवढा पगार दिलाच पाहिजे अशी पक्की तळरेघ सगळ्यांना नाही. वर रेघ आहे, खाली नाही. मला तर हे सगळ्या भानगडीचं मूळ वाटतं.

इथं एक मजा सांगतो, 2008 ला ह्याच पायरेट्सनं दोन भारतीय पोरं घेतली होती, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशची, भाला फेकणारी, एका टीव्ही स्पर्धेतनं निवडलेली. (क्रिकेटवाला रिंकू वेगळा, ओंकारनं दोनदा विचारलं.) आबा म्हणाले, बघ, स्वस्तात माल हुडकायला मालक कुठंवर जातोय.

स्वस्तावरनं आठवलं, पायरेट्सकडं आत्ता जगातला एक भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आहे, पॉल स्कीन्स. 2023 च्या ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या नंबरला उचललेला, 2025 ला नॅशनल लीगचा (तीस टीमांचे दोन भाग, त्यातला एक) बेस्ट पिचर. ईआरए 1.97, म्हणजे नऊ इनिंगला दोन रन पण देत नाही. आणि त्याचा स्वतःचा रेकॉर्ड काय, दहा जिंकल्या दहा हरल्या, कारण त्यानं एक रन दिला तर ह्यांची बॅटिंग शून्यावर. टीम 71 जिंकून 91 हरली. पगार? 2025 ला दहा लाख डॉलर पण नव्हता. सुरुवातीची तीन वर्षं टीम किमान पगाराच्या आसपास ठेवू शकते, 2025 ला तो किमान 7 लाख 60 हजार डॉलर होता, मग तीन वर्षं लवादाचं भांडण, आणि सहा वर्षं भरल्यावर माणूस मोकळा. तोपर्यंत पिट्यानं त्याची जर्सी घेऊन ठेवलीय आणि मोकळा झाला की डॉजर्सची घ्यायला लागणार असं आम्ही त्याला चिडवतो, तो हसतो पण आतनं त्याला पटलंय.

ओहतानीचा करार ऐकून तर आबांनी चहा खाली ठेवला. दहा वर्षं, 70 कोटी डॉलर. त्यातले 68 कोटी नंतर! आत्ता वर्षाला फक्त 20 लाख घेतो, आणि 2034 पासनं 2043 पर्यंत वर्षाला 6 कोटी 80 लाख. आबा म्हणाले, "आरं, आमचं उसाचं बिल चौदा दिवसात द्याचा कायदा हाय, पंधराव्या दिवशी आमी चक्काजाम करतोय. आन ह्यो बाबा स्वता म्हणतोय दहा वर्सांनी द्या? ह्येला ऊस लावायला बोलवा हिकडं."

आणि मग आबांनी जे बोलायला सुरुवात केली त्यात साडेसात वाजले. त्यांचं म्हणणं असं, की वाटणी नुसती करून भागत नाही, खालचा दर बांधायला लागतोय. आपल्याकडं उसाला एफआरपी आहे, 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये, कारखाना तोट्यात असू दे नाहीतर कसा, त्याच्याखाली द्यायचं नाही. आणि त्याच्यावर 70-30 चं सूत्र, साखर आणि बाकीच्या मालाच्या उत्पन्नातला 70 टक्के शेतकऱ्याचा. मिळतंय का, कधी मिळतंय, काटामारी किती, तो विषय वेगळा, त्यावर ते आणखी एक तास बोलू शकतात, पण कागदावर तरी रेघ आहे. बेसबॉलमधे एकूण उत्पन्नातला एवढा टक्का खेळाडूंचा असं काही ठरलेलंच नाही, बाकीच्या मोठ्या अमेरिकन लीगमधे आहे. युनियनला भीती अशी की खालची रेघ मागायला गेलो तर मालक वरची पक्की करून घेतील. दोन्ही बाजूनी बरोबर आहे, मला काय एक बाजू घेता येईना. पण आबांचं जास्त पटलं. अण्णांना नाही पटलं. त्यांचं म्हणणं, पैसा माझ्या गावानं दिला, माझ्या तिकिटानं आला, तो मी का वाटू. तर पिट्या म्हणाला अण्णा, तुम्ही एकटेच खेळणार का, समोर कोणतरी लागणार ना, मग तिकीट दोघांचंच झालं की. यावर अण्णा गप्प. पाच मिनिटंच, पण गप्प.

(आमच्या पेठांचं बघा ना. पाटाकडील तालमीनं आपल्या भागातनं जमवलेल्या वर्गणीतली निम्मी खंडोबाला आणि दिलबहारला वाटा असं कुणीतरी उभं राहून सांगावं, मी लांबनं बघतो.)

आता वर्ल्ड सिरीज, डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज. तिसरी मॅच मंगळवारी होती, 28 ऑक्टोबर आपल्याकडं, 18 इनिंग चालली, म्हणजे दोन मॅचा एकात. पहाटे साडेपाचला बसलेलं गिऱ्हाईक दुपारी बारा वाजून गेले तरी उठेना, डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमननं होमरन मारला तेव्हा तात्या दुपारच्या झुणका-भाकरीचं सामान काढून बसलेले. त्या दिवशीची सर्व्हिस म्हणाल तर फार वाईट, पोरगं पण टीव्हीकडं बघतंय, चहा सांगून पंचवीस मिनिटं. पण कुणी बोललं नाही.

आणि सातवी, 2 नोव्हेंबरच्या रविवारी. बाहेर बाकड्यावर पण माणसं. सगळी टोरोंटोच्या बाजूनी, का तर डॉजर्स श्रीमंत म्हणून. टोरोंटोच्या बो बिशेटनं तिसऱ्या इनिंगला ओहतानीलाच तीन रनचा होमरन हाणला तेव्हा शटर वाजवलं लोकांनी. पिट्या शांतपणे म्हणाला, तुम्ही ज्याला गरीब समजालाय त्यांनी त्यांच्या गरेरो नावाच्या खेळाडूला 14 वर्षांचे 50 कोटी डॉलर दिलेत एप्रिलमधे, ते पण लक्झरी टॅक्स भरणारेच. एकदम सगळ्यांची हवा गेली. पाठिंबा दिला झोपडीला म्हणून आणि निघाला शेजारचा बंगला. तरी नवव्या इनिंगला टोरोंटो 4-3 नी पुढं, दोन आउट काढले की कप, आणि मिगेल रोहासनं, ज्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही असा डॉजर्सचा एक जुना माणूस, त्यानं होमरन मारून बरोबरी केली. अकराव्याला डॉजर्सच्याच विल स्मिथचा होमरन, 5-4. आणि शेवटचे बॉल टाकायला डॉजर्सचा यामामोटो, ज्यानं आदल्याच रात्री 96 बॉल टाकलेले. त्याचा करार साडेबत्तीस कोटी डॉलरचा. शेवटच्याला टोरोंटोच्या कर्कची बॅट तुटली, बॉल घरंगळला, दोन आउट एकदम, संपलं. पावणेदहा वाजत आले होते आणि मिसळ संपलेली, कारण मधेच कुणीतरी चारचाकी लावून वीस पार्सल घेऊन गेला. अण्णा म्हणाले, तो डॉजर्सवाला होता.

त्याच दिवशी दुपारनंतर तात्यांनी परत दुकान उघडलं, पोरींची वर्ल्ड कप फायनल. नवी मुंबईत, आणि आपल्या शेजारची, सांगलीची स्मृती ओपनिंगला. 52 रननी जिंकलो. त्या रात्री बेसबॉलचं कुणी नाव काढलं नाही, पिट्यानं पण नाही, आणि काकींनी सगळ्यांना दिवाळीतल्या उरलेल्या करंज्या दिल्या.

पैशानं कप मिळतो का यावर माझं मत विचाराल तर थेट मिळत नाही. मेट्सकडं बघा, हुआन सोटोला 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार दिला, पगारात वरच्या दोघांत, आणि 2025 ला प्लेऑफला पण नाही गेले. उलट ओकलंडनं 2002 ला 4 कोटी डॉलरच्या टीमवर 103 मॅचा जिंकल्या, तेवढ्याच साडेबारा कोटीच्या न्यूयॉर्क यँकीजनी जिंकल्या. पैशानं काय मिळतं, तर चुकायची सोय. डॉजर्सचा एखादा दोन-अडीच कोटीचा पिचर खांदा धरून बसला तर ते दुसरा आणतात. पिट्सबर्गचा एक अंदाज चुकला की पुढची चार वर्षं गेली. लागणीचा ऊस एका सालाला वाळला तर ज्याच्याकडं चाळीस एकर आहे तो हळहळतो, चार एकरवाला सोसायटीचं कर्ज काढतो, आबांनीच दिलेलं उदाहरण.

आता तक्रार, आणि ही खरी आहे. दुकानात चार पोरं आहेत वाढायला. आतली टेबलं फॅमिलीची, तिथं टिप बरी पडती, बाहेरच्या बाकड्यावर आमच्यासारखी, पाच रुपये ठेवले तर ठेवले. पिट्याचं ऐकून तात्यांनी डिसेंबरात नवीन पद्धत काढली, टिपेतली निम्मी गल्ल्याजवळच्या डब्यात, आणि शनिवारी चौघांत सारखी वाटायची. कल्पना चांगली. दोन शनिवार झालं पण. तिसऱ्या शनिवारी डबा रिकामा आणि आत नवीन मिक्सर. तात्यांचं म्हणणं, मिक्सर पण पोरांसाठीच, वाटण लवकर होतंय, पोरांचे हात वाचतात. बाहेरचं बाकडं सांभाळणारं पोरगं तेव्हापासनं तोंड पाडून वाढतंय आणि पाणी मागितलं तर ऐकू आलं नाही असं करतंय, मी त्याला दोष देत नाही. मी पिट्याला म्हटलं, तुझा बाप तर पायरेट्सचा मालक निघाला. तो लाल झाला. पुढच्या आठवड्यात डब्याला कुलूप आलंय, किल्ली काकींकडं. आत्तापर्यंत तरी वाटप नीट चाललंय असं त्या पोरानंच सांगितलं. ह्या रिव्ह्यूतला अर्धा स्टार त्या कुलपाचा आहे.

बाकी किरकोळ. बाकडी अरुंद, तीन तास बसलात तर कंबर धरती, घरनं उशी आणा, अण्णा आणतात. टॉयलेट नाही, शेजारच्या वाड्यात सांगून जायला लागतं. गाडी नदीकडच्या उतारावर लावू नका, सकाळी कचऱ्याची गाडी अडकते आणि तुम्हाला भर इनिंगमधे उठवतात. यूपीआय चालतंय पण पहाटे रेंज जाती, सुट्टे ठेवा.

सीझन दर साली मार्चअखेर सुरू होतोय. लॉस एंजेलिसच्या रात्रीच्या मॅचा आपल्याकडं सकाळी साडेसातच्या आसपास, मिसळीला परफेक्ट टाइम, मटकी पण शिजलेली असती. मात्र एक ऐकून ठेवा, मालक आणि खेळाडूंचा आत्ताचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय. मागच्या खेपेला करार संपला तेव्हा मालकांनी 99 दिवस टाळं लावलं होतं, आणि ह्या खेपेला परत त्या कॅपवरनंच जुंपणार असं सगळे म्हणालेत. पिट्यानं हे तात्यांना सांगितलं तर तात्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे पुढच्या साली पाटंचं शटर काढायचं का न्हाई, तेवढं आधी सांग. मटकी आदल्या दिवशी भिजत घालाय लागती."